प्रश्न आठ मिनिटांत बंद का झाला?

बी.एस्सी. कॉम्प्युटर करून सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या एका मुलीने लिहिलं आहे: "मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ग्राहकाची सगळ्यांत शेवटची ऑर्डर कशी काढायची, हे मी प्रोग्रामिंगच्या एका मोठ्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारलं. माझा तिथला पहिलाच प्रश्न. दोन तास खपून इंग्रजीत लिहिला. आठ मिनिटांत तीन डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडले, 'डुप्लिकेट' म्हणून प्रश्न बंद झाला, मी घातलेलं 'रिस्पेक्टेड सर' कुणीतरी खोडून टाकलं आणि एकाने विचारलं, 'तुम्ही स्वतः काय करून बघितलं?' ज्या जुन्या प्रश्नाकडे मला पाठवलं तो २००९चा आहे, त्यातलं मला काहीच कळलं नाही. ही जाणकार माणसं नवख्यांशी अशी का वागतात? मी परत विचारावं का?"

परत विचारा. कसं विचारायचं ते पुढे सांगते, तुमच्या क्वेरीचं, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसकडे माहिती मागायच्या आज्ञेचं, उत्तरही देते. पण आधी त्या आठ मिनिटांत पलीकडे काय घडलं ते सांगायला हवं, कारण मी गेली पंधरा वर्षं पलीकडे बसलेली आहे. डेटाबेस हा माझा पोटापाण्याचा धंदा. रात्री जेवणं आवरली की तासभर मी अनोळखी लोकांच्या अडलेल्या क्वेरी सोडवते. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि ते काम मला कुणी सांगितलेलंही नाही. आवडतं म्हणून करते.

तुम्ही साइटचं नाव लिहिलेलं नाही, त्याची गरजही नाही. नियमांच्या उदाहरणासाठी मी स्टॅक ओव्हरफ्लो घेते. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली ती सुरू केली. तिचे नियम कुणालाही वाचायला खुले आहेत आणि मला ते चांगले माहीत आहेत.

तुम्ही गेलात ते मदत मागायला. काम अडलं होतं, वरिष्ठ विचारत होते, म्हणून हाक मारलीत. पण ती जागा स्वतःला मदतकेंद्र म्हणवतच नाही. प्रोग्रामिंगच्या प्रत्येक प्रश्नाला नेटकं उत्तर असलेलं एक ग्रंथालय उभं करायचं, असं तिने स्वतःचं काम सांगितलेलं आहे. विचारणारा एकटा असतो, पण पुढची दहा वर्षं गुगलवरून येऊन वाचणारे हजारो असतात, आणि जुन्या उत्तरदात्याच्या डोळ्यांपुढे ते हजारो असतात. तुमच्या हातून सुटताना ती हाक होती. त्याच्या हातात पडली तेव्हा ती ग्रंथालयातली एक नोंद झालेली होती. ही नोंद आपल्याकडे आधीच आहे का, शीर्षक बरोबर आहे का, कुठल्या कपाटात लावायची, एवढंच त्याने पाहिलं. बहुतेक भांडणाचं मूळ इथे आहे. माणसांचे स्वभाव त्यानंतर येतात.

आता ती आठ मिनिटं. प्रश्न बंद करायला तिथे तीन जणांची मतं लागतात. २०१९ पर्यंत पाच लागत. असं मत द्यायचा अधिकार ३,००० गुण जमल्यावर मिळतो. मात्र ज्याच्याकडे एखाद्या विषयाचं सुवर्णपदक आहे तो त्या विषयातला प्रश्न एकट्याच्या मताने डुप्लिकेट ठरवू शकतो. हे पदक मिळवायला त्या विषयात किमान २०० उत्तरं लिहावी लागतात आणि त्यांवर एकूण १,००० मतांची कमाई व्हावी लागते. म्हणजे तुमचा प्रश्न बंद करणाऱ्याने बहुधा त्याआधी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेवरची शेकडो उत्तरं फुकट लिहिलेली असतील. त्याला तुमचा प्रश्न ओळखायला पाच सेकंद लागले. बटण दाबून तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. डाउनव्होट देणारे तिघे निराळे. ते एकमेकांना ओळखत नाहीत, प्रत्येकाने एकेक टिचकी मारली. त्यांच्यातलं कुणी तुमच्यावर चिडलेलं नव्हतं, हे मी जवळजवळ खात्रीने सांगते. तुम्हाला मात्र चौघांनी मिळून दाराबाहेर काढल्यासारखं वाटलं, आणि तुमचं वाटणं चूक नाही. आपुलकी दाखवायला निदान एक वाक्य लिहावं लागतं. ते वाक्य लिहायची गरजच त्या यंत्रणेने ठेवलेली नाही.

डुप्लिकेटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाला सगळ्यांत जास्त तोच शब्द लागतो. "आधी शोधायचं नाही का?" हे वाक्य तुम्ही अजून ऐकलं नसेल तर लवकरच ऐकाल. तुमचा प्रश्न 'प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर' असा आहे. दुसरा कुणी विचारतो, 'प्रत्येक वर्गात पहिला आलेला विद्यार्थी कसा काढू?' तिसरा विचारतो, 'प्रत्येक मालाचा ताजा भाव कसा दाखवू?' मला हे तिन्ही प्रश्न एकच दिसतात: गट पाडायचे आणि प्रत्येक गटातली सगळ्यांत वरची ओळ घ्यायची. आमच्यात या प्रकाराला 'ग्रेटेस्ट एन पर ग्रुप' म्हणतात, स्टॅक ओव्हरफ्लोवर त्या नावाचा टॅगच आहे. हे शब्द शोधले की उत्तरांचा ढीग लागतो. पण हे शब्द ज्याला माहीत आहेत, त्याला उत्तरही जवळपास माहीत असतं. तुम्ही 'ग्राहक', 'ऑर्डर', 'शेवटची' हे शब्द घालून शोधलं असणार आणि हाती काही लागलं नसणार. यात आळस कुठे आहे?

मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१ साली भौतिकशास्त्रातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नवख्या विद्यार्थ्यांना आणि पीएच.डी. करणाऱ्यांना गणितं देऊन त्यांचे गट पाडायला सांगितले. नवख्यांनी उतरणीची गणितं एकीकडे, स्प्रिंगची एकीकडे अशी वाटणी केली. जाणकारांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेची एकीकडे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची एकीकडे अशी केली, त्यात उतरण आणि स्प्रिंग एका गटात आले तरी त्यांना काही वाटलं नाही. आमच्या धंद्यात रोज हेच होतं. दोन प्रश्न एकच आहेत हे दिसणं, हीच तर ती जाणकारी. 'हे डुप्लिकेट आहे हे तुला दिसलं कसं नाही' असं नवख्याला विचारणं म्हणजे 'तुला अजून येत कसं नाही' असं विचारण्यासारखं आहे. माझ्या बरोबरीच्या उत्तरदात्यांना मी हे अनेकदा सांगितलं आहे. काहींना पटतं. काही म्हणतात, आम्ही दुवा तर दिला ना, अजून काय करायचं?

दुवा दिला हे खरं, पण तुम्हाला दिलेला दुवा २००९चा आहे. तेव्हाच्या मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन, म्हणजे गटातल्या प्रत्येक ओळीला नंबर देण्यासारखी कामं करणारी सोय, नव्हती. ती ८.० या आवृत्तीत, २०१८ साली आली. त्याआधी हाच प्रश्न टेबल स्वतःलाच जोडून सोडवावा लागे. ती युक्ती चलाख आहे, पण सहा महिन्यांच्या नवख्याला वाचून कळेल अशी नाही. जुन्या उत्तरांखाली पुढे कुणीतरी नवी पद्धत लिहिलेली असते, पण दहा वर्षांत शेकडो मतं मिळवलेलं जुनं उत्तर वर राहतं आणि नवं तळाला. हा ग्रंथालयाचा दोष आहे, तुमचा नाही. डुप्लिकेट ठरवणाऱ्याने 'तिसरं उत्तर बघा, तुमची आवृत्ती ८ असेल तर तेच लागू' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर हे पत्र तुम्ही मला लिहिलंच नसतं.

आता 'रिस्पेक्टेड सर' खोडण्याबद्दल. यात आपल्याकडच्या मुलामुलींचा सगळ्यांत जास्त गैरसमज होतो, आणि पलीकडच्यांचाही. आपण मोठ्या माणसाकडे काही मागायला गेलो की आधी नमस्कार, मग ख्यालीखुशाली, मग काम. थेट कामाचं बोललं तर उद्धटपणा वाटतो. ग्रंथालयाच्या नोंदीत मात्र नमस्काराला जागा नाही. तिथला रिवाज असा की 'हाय', 'थँक्स', 'प्लीज हेल्प' हे सगळं कापून फक्त प्रश्न ठेवायचा. हजारो वाचकांना ते नमनाला घडाभर तेल वाटतं. कापणारा स्वतःच्या उत्तरातूनही तेच कापतो. त्याला वाटतं, मी तुमचा प्रश्न साफ करून दिला. तुम्हाला वाटतं, माझा नमस्कार झिडकारला.

'अर्जंट' या शब्दाचंही तसंच. 'जरा अर्जंट आहे हो' हे आपण अजिजीने म्हणतो. फुकट काम करणाऱ्या परक्या माणसाला त्यात हुकूम ऐकू येतो: माझं काम आधी कर. आणि 'आय हॅव अ डाउट'! आपल्याला शंका असते, ती विचारली की निरसन होतं, म्हणून आपण शंकेचा सरळ 'डाउट' करतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला 'डाउट' म्हणजे अविश्वास. त्याच्या उत्तरावर असा 'डाउट' आला की तो म्हणतो, पटत नसेल तर राहू दे. मी स्वतः मराठी माध्यमातली. हा शब्द असा वाचला जातो हे मला चार वर्षांनी कळलं, तेही एका कनवाळू कॅनडियन गृहस्थांनी खाजगीत समजावून सांगितलं म्हणून. २०२१ च्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक सर्वेक्षणात अमेरिकेच्या खालोखाल सर्वाधिक माणसं भारतातली होती. पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांना तिथे स्वतंत्र साइट मिळाल्या, आपल्या कुठल्याही भाषेला नाही. म्हणजे इतकी सगळी माणसं आपली अडचण दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या रिवाजाने मांडतात, आणि ती मांडणी चुकली की त्यांना आळशी ठरवलं जातं. याचा मला खरोखर त्रास होतो.

माझ्याकडूनही एकदा हे घडलं आहे. एका मुलाने कोडऐवजी स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो टाकला होता, तिरका, वर ट्यूबलाइटची चमक. फोटोतला कोड शोधता येत नाही, कॉपी करून चालवून पाहता येत नाही, अंध प्रोग्रामरला तर वाचताच येत नाही. म्हणून फोटो टाकू नये हा नियम योग्यच आहे. त्या रात्री तसा तो तिसरा फोटो होता. मी लिहिलं, "टाइप करायचे कष्ट तुम्ही घेणार नसाल तर वाचायचे आम्ही का घ्यावेत?" दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर इंटरनेट बंद, पेनड्राइव्ह लावायला मनाई, स्वतःचा लॅपटॉप नाही. फोनवर ८० ओळी टाइप करण्यापेक्षा त्याने फोटो काढला होता. त्याने माफी मागितली होती आणि रात्री बसून सगळा कोड फोनवर टाइप करून टाकला होता. चूक माझी होती, माफी त्याने मागितली. मी माझं वाक्य काढून टाकलं, त्याला उत्तर लिहिलं, पण ते वाक्य त्याने वाचलेलं होतं.

टर्बो सी++ या कंपायलरचं, म्हणजे कोडाचं चालणाऱ्या प्रोग्रामात रूपांतर करणाऱ्या साधनाचं, असंच आहे. आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत वर्षानुवर्षं तोच शिकवला गेला. सी++ चं पहिलं प्रमाणीकरण १९९८ साली झालं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा. कोडात 'कोनिओ' आणि 'क्लिअर स्क्रीन' या त्याच्या जुन्या खुणा दिसल्या की परदेशी उत्तरदाता डोक्याला हात लावतो आणि 'हा कुठल्या जमान्यातला कंपायलर वापरता' असं लिहून मोकळा होतो. विद्यार्थ्याने तो निवडलेला नसतो. परीक्षा त्याच्यावरच असते. अशा वेळी "परीक्षेपुरतं असं करा, आणि घरी हा नवा कंपायलर मोफत उतरवून घ्या" हे उत्तर द्यायला अर्धा मिनिट जास्त लागतो.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. आता दुसरी बाजूही ऐकून घ्या, कारण ती ऐकल्याशिवाय तुम्हाला पुढचा प्रश्न नीट विचारता येणार नाही.

फुकट उत्तर देणारा माणूस दिवसभराचं काम आटोपून आलेला असतो. त्याच्यापुढे येणाऱ्या प्रश्नांत तुमच्यासारखा दोन तास खपून लिहिलेला एखादा असतो. बाकी बरेच असे असतात: शिक्षकांनी दिलेला गृहपाठ जसाच्या तसा चिकटवलेला, खाली 'सोमवारपर्यंत हवं'. किंवा 'माझा प्रोग्राम चालत नाही', एवढंच. कोड नाही, एरर नाही. त्याने विचारलं 'एरर काय येतो?' तर दोन दिवस उत्तर नाही. उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसून टाकणारे असतात, म्हणजे शिक्षकांना कळू नये. आणि ताकाला जाऊन भांडं लपवणारे तर फारच: खरी अडचण अ आहे, मनाने ब हा उपाय ठरवलेला, आणि विचारतात फक्त ब बद्दल. अर्धा तास घालवून ब चं उत्तर द्यावं तर कळतं की ब ची गरजच नव्हती. असे शंभर प्रश्न पार केल्यावर शंभर-एकावा तुमचा येतो. त्याने तुम्हाला त्या शंभरांच्या रांगेत धरलं. हे अन्यायाचं आहे, पण समजण्यासारखं आहे. 'तुम्ही स्वतः काय करून बघितलं?' या प्रश्नात टोमणा असतोही, पण पुष्कळदा ती साधी चाचपणीही असते: तुम्ही कुठवर पोचलाय, मी कुठून सुरुवात करू?

शिवाय जुन्यांचीही स्वतःची दुखणी आहेत. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो चालवणाऱ्या कंपनीच्या जे हॅनलन यांनी जाहीरपणे लिहिलं की ही जागा नव्यांना, स्त्रियांना आणि इतर उपेक्षितांना आपली वाटत नाही आणि ते बदलायला हवं. त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या वर्षी नवी आचारसंहिता आली, नव्या माणसाच्या नावापुढे 'नवा' अशी खूण दिसू लागली. पण दहा वर्षं फुकट राबलेल्या अनेकांना त्यात स्वतःवरचा आरोप ऐकू आला: कचरा उचलायला आम्ही, आणि वास येतो म्हणून बोल लावायचा तोही आम्हालाच. २०२१ साली प्रोसस या कंपनीने ती साइट १.८ अब्ज डॉलरना विकत घेतली, तेव्हा ही भावना आणखी धारदार झाली. जून २०२३ मध्ये तर मॉडरेटरांनी, म्हणजे साइटवर देखरेख ठेवणाऱ्यांनी, संपच केला. यंत्राने लिहिलेली उत्तरं केवळ संशयावरून काढू नका, असा आदेश कंपनीने दिल्यामुळे तो पेटला होता आणि ऑगस्टपर्यंत चालला. कंपनी आणि जुने यांच्यातल्या अशा ओढाताणीची झळ शेवटी नव्यालाच लागते. थकलेला, दुखावलेला माणूस पहिल्यांदा गमावतो तो धीर.

आणि हे भांडण इंटरनेटवर नवं नाही. वेबच्या आधी युजनेट हे विषयवार चर्चांचं जाळं होतं. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी मुलं दाखल होत, त्यांना युजनेटचं खातं मिळे, महिनाभर ती गोंधळ घालत आणि मग जुन्यांकडून रीत शिकून मुरत. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी घराघरांतल्या ग्राहकांना युजनेट खुलं केलं, आणि नव्यांचा लोंढा महिन्यापुरता उरला नाही. जुने त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हणू लागले. मला या गोष्टीत एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर संपत असे तोवर जुनी माणसं शिकवत होती. वर्षातून एकदा, मोजक्या मुलांना शिकवणं माणसाला झेपतं. बारा महिने अमर्याद लोकांना शिकवणं झेपत नाही, मग तो बटणं शोधतो.

मग काही जमतं का? जमतं, आणि ते करून पाहिलेलं आहे. डिने फोर्ड या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅक ओव्हरफ्लोवर महिनाभराचा प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न लिहीत असलेल्या नवख्यांना आधी एका मदतखोलीत नेलं. तिथे अनुभवी माणसं त्यांचा मसुदा वाचून सांगत: कोड असा लावा, एरर पूर्ण द्या, हे वाक्य वर घ्या. मग प्रश्न सगळ्यांसमोर येई. अशा प्रश्नांना सरासरी ५० टक्के जास्त गुण मिळाले. माणसं तीच होती. फरक इतकाच की चूक चारचौघांत दाखवण्याऐवजी आधी आणि बाजूला घेऊन दाखवली. पुढे याच धर्तीवर 'स्टेजिंग ग्राउंड' नावाची सोय तिथे आली, २०२४ साली ती रीतसर सुरू झाली. माझ्या मते ही पंधरा वर्षांतली सगळ्यांत शहाणी गोष्ट होती. ती दहा वर्षं आधी यायला हवी होती.

न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये प्रोग्रामर शिकायला एकत्र बसतात. तिथल्या मोजक्या सामाजिक नियमांतला एक असा आहे की कुणी 'मला हे माहीत नाही' म्हटलं तर खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. 'काय? तुला इंडेक्स म्हणजे काय ते माहीत नाही?' हे म्हणायचं नाही. हा नियम मी माझ्या टीममध्ये लावला. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की आपण किती सहज 'अगं, एवढंही...' अशी सुरुवात करतो. त्या 'एवढंही'ने समोरच्याला काहीही शिकवलं जात नाही.

माझ्यापुरती मी आणखी एक सवय लावून घेतली आहे. डोकं दमलेलं असेल तर प्रश्न उघडायचाच नाही. कुणीतरी दुसरा उघडेल. आणि उघडलाच तर बंद करण्याआधी एक खरा प्रश्न विचारायचा: तुमची आवृत्ती कुठली? दोन ओळी नमुन्याच्या देता का? अर्ध्याअधिक वेळा त्या एका प्रश्नाने वाईट प्रश्नाचा चांगला प्रश्न होतो. उरलेल्या वेळी उत्तर येत नाही, मग बंद करताना मलाही वाईट वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, चॅटजीपीटीला विचारते. विचारा. नोव्हेंबर २०२२ नंतर नवख्यांचा मोठा ओघ तिकडे वळला आणि मी त्यांना दोष देत नाही. यंत्र 'डुप्लिकेट' म्हणत नाही, 'डाउट' शब्दावर चिडत नाही, मराठीत विचारलं तरी चालतं. पण तुम्ही ब विचारलंत तर ते बहुतेक वेळा ब चंच उत्तर देतं, आत्मविश्वासाने. 'थांबा, हे तुम्हाला कशासाठी हवंय?' असं विचारून माझं चुकलेलं डिझाइन मला दाखवलं ते माणसांनी. त्यांतल्या दोघांशी सुरुवात कडाक्याच्या वादाने झाली होती. आणि मला भीती वाटते ती वेगळीच. आज उत्तरं देणाऱ्यांतले बहुतेक जण एके काळी तुमच्यासारखाच पहिला, अडखळता प्रश्न विचारून आत आले. तुम्ही लोक आलाच नाहीत तर दहा वर्षांनी उत्तर द्यायला कोण बसणार, हे मला माहीत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाकडे येते. तो पुसून नवा टाकू नका. पुसलेले डाउनव्होटचे प्रश्नही हिशोबात धरले जातात आणि असे प्रश्न साठत गेले की नवा प्रश्न विचारायचीच बंदी येऊ शकते. आहे तोच प्रश्न संपादित करा. बंद प्रश्न लेखकाने सुधारला की तो पुन्हा उघडायचा का, हे तपासणाऱ्यांच्या रांगेत जाऊ शकतो.

शीर्षकात 'क्वेरी चालत नाही' ऐवजी 'मायएसक्यूएल ८ मध्ये प्रत्येक ग्राहकाची सर्वांत अलीकडची ऑर्डर संपूर्ण ओळीसह' असं लिहा. आवृत्ती आधी तपासा. डेटाबेसला 'सिलेक्ट व्हर्जन' विचारलं की तो सांगतो. मग टेबल बनवायची आज्ञा आणि पाच-सहा ओळींचा नमुना डेटा टाका, ग्राहकांची खरी नावं काढून. कुठलं उत्तर हवं आहे त्या दोन-तीन ओळी जशाच्या तशा दाखवा. तुम्ही लिहिलेली क्वेरी चुकीची असली तरी द्या, आणि तिच्यातून काय येतं तेही. शेवटी एक वाक्य: 'अमुक जुना प्रश्न वाचला, पण त्यातलं उत्तर ८ च्या आधीचं आहे, मला विंडो फंक्शन वापरून हवं आहे.' हे वाक्य फार कामाचं आहे. तुम्ही दुवा वाचलात हे त्यातून दिसतं आणि तुमचा प्रश्न वेगळा का आहे तेही. नमस्कार मनात करा. उत्तर आवडलं तर त्यावर बरोबरची खूण करा, तिथे धन्यवाद असेच म्हणतात.

आणि तोवर काम अडायला नको म्हणून उत्तर. तुम्ही बहुधा ग्राहकावर 'ग्रुप बाय' लावून तारखेचं 'मॅक्स' काढलंत आणि बाकीचे कॉलम तसेच निवडलेत. ५.७ च्या आधीच्या मायएसक्यूएलमध्ये हे मुकाट्याने चालून जायचं आणि तारीख एका ऑर्डरची, रक्कम दुसऱ्याच ऑर्डरची अशी ओळ यायची. आता डेटाबेस एरर देतो, हे चांगलंच आहे. तुमची आवृत्ती ८ असेल तर आतल्या क्वेरीत 'रो नंबर' हे विंडो फंक्शन घ्या, 'पार्टिशन बाय' मध्ये ग्राहक क्रमांक आणि 'ऑर्डर बाय' मध्ये तारीख उतरत्या क्रमाने. प्रत्येक ग्राहकाच्या ऑर्डरींना १, २, ३ असे नंबर पडतील. बाहेरच्या क्वेरीत नंबर १ असलेल्या ओळी ठेवा. आवृत्ती ५.७ असेल तर आधी प्रत्येक ग्राहकाची मोठ्यात मोठी तारीख काढा आणि तो निकाल ग्राहक व तारीख या दोन्हींवर मूळ टेबलाशी जोडा. एकाच ग्राहकाच्या दोन ऑर्डरींची वेळ तंतोतंत सारखी असेल तर या दुसऱ्या पद्धतीत दोन्ही ओळी येतील, पहिल्या पद्धतीत त्यांतली कुठलीही एक येईल. पहिल्या पद्धतीतली ही अनिश्चितता टाळायला 'ऑर्डर बाय' मध्ये तारखेनंतर ऑर्डर क्रमांकही उतरत्या क्रमाने लावा. तुमच्या टेबलात तारखेबरोबर वेळ साठवलेली आहे का? नसेल तर एकाच दिवशी दोन ऑर्डर देणाऱ्या ग्राहकांच्या बाबतीत हे होऊ शकतं.